परसांतील कोबा

पाण्यास वाट शिकवावी लागत नाहीं. उतार मिळाला कीं तें चालूं लागतें. उतार देणें मात्र मनुष्याचें काम. गेल्या वैशाखांत परसांत सिमेंटचा कोबा घालण्याचें काम आम्हीं एका कंत्राटदारास उक्तें दिलें. उतार मोरीकडे असावा व कोब्यावर दहा दिवस पाणी धरावें, असें कागदावर लिहून घेतलें होतें. उष्ण व कोरड्या हवेंत काँक्रीट निदान १० दिवस ओलें ठेवावें, असें भारतीय मानक ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तींत सांगितलें आहे. कारण सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशीं संयोग पावून कठीण होतें.

कंत्राटदाराचीं माणसें तिसऱ्या दिवशीं गेलीं, तीं परतलीं नाहींत. मृगाच्या पहिल्याच सरींत पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं साचलें व कोब्यास पडलेल्या भेगा उघड झाल्या. घरांतील वृद्ध स्त्रिया पहांटे तुळशीस पाणी घालावयास तेथूनच जातात. शेवाळ धरलें तर पाय घसरावयास कितीसा वेळ? निरोप पुष्कळ धाडले. उत्तर ‘उद्यां येतों’ एवढेंच.

सुदैवानें शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर द्यावयाचा ठरला होता. त्याच पैशांतून दुसऱ्या गवंड्याकडून उतार नीट करून घेतला. गृहस्थांस आमचें सांगणें इतकेंच: कोबा घालण्यापूर्वीं पाणसळीनें उतार तपासावा, पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची तें लिहून घ्यावें, आणि थोडी रक्कम पावसापर्यंत राखून ठेवावी. विद्यार्थी असो वा कंत्राटदार, उत्तरपत्रिका पाहिल्यावांचून गुण देऊं नयेत.