घराचा सौदा : नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

सोयाबीन आणि कापूस यांचा पैसा हाती येऊ लागला की वर्‍हाडात घरांच्या व भूखंडांच्या सौद्यांना वेग येतो. अमरावतीत कठोरा मार्ग, राहटगाव, साईनगर. अकोल्यात कौलखेड, खडकी, मलकापूर, शिवणी या बाजूंना नव्या वसाहतींचे फलक उभे राहतात. घेणारा बहुधा शिक्षक असतो, निवृत्तीला आलेला एस.टी. कर्मचारी असतो, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गावाकडचे दोन एकर विकून शहरात येणारा शेतकरी असतो. आयुष्यभराची शिल्लक, भविष्य निर्वाह निधी आणि पुढील वीस वर्षांचे कर्ज हे सारे एका सहीवर पणाला लागते. असे असूनही भाजी घेताना जी चिकित्सा आपण करतो, तेवढीही पुष्कळदा घर घेताना होत नाही, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. सामान्य माणूस घराचा व्यवहार जन्मात एकदा, फार तर दोनदा करतो. वस्तूतील दोष विक्रेत्याला ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात, तेव्हा बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले, आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. घरांच्या बाजाराला हे विवेचन अधिकच लागू पडते. मोटारीचा दोष महिन्याभरात कळतो. जमिनीच्या हक्कातील दोष दहा वर्षांनी, एखाद्या दिवाणी दाव्याच्या समन्सासोबत कळतो.

नोंदणी कशाची होते?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदले की आपण मालक झालो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंद होते ती दस्तऐवजाची, हक्काची नव्हे. विकणार्‍याजवळ जेवढा हक्क होता तेवढाच घेणार्‍याकडे येतो. त्याच्याजवळ काहीच नसेल तर मुद्रांक शुल्क भरूनही काहीच येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ साली टॉरेन्स पद्धती स्वीकारून नोंदवहीतील मालकीला शासनाची हमी दिली. आपल्याकडे नीती आयोगाने २०२० मध्ये अशा निर्णायक हक्काच्या कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. पण अशी हमी प्रत्यक्षात येईपर्यंत शहानिशेचा भार खरेदीदाराच्याच खांद्यावर आहे.

सातबारा अथवा शहरी मिळकतीची आखीव पत्रिका ही देखील मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. महसुलाच्या सोयीसाठी ठेवलेल्या या नोंदी विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खर्‍या मानल्या जातात. तेव्हा केवळ आजचा उतारा पाहून न थांबता मागील तीस वर्षांचे फेरफार आणि नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनचे उतारे क्रमाने तपासावेत. जमीन एका हातातून दुसर्‍या हातात कशी गेली, याची साखळी कोठेही तुटता कामा नये. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींची नावे आधी शोधावीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. "बहिणी काही मागणार नाहीत" हे भावाचे तोंडी आश्वासन म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे.

वर्‍हाडातील विशेष धोके

काही धोके सर्वत्र सारखे आहेत. काही आपल्या भागात अधिक जाणवतात. त्यांपैकी तीन लक्षात ठेवावेत.

पहिला, जमिनीच्या धारणाधिकाराचा. शहरांच्या जुन्या भागांत नझूलचे भूखंड आहेत. तेथे घर बांधणार्‍याचे असले तरी जमीन शासनाची व पट्ट्याची असते. पट्ट्याचे नूतनीकरण झाले नसेल किंवा पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर झाले असेल, तर तो शर्तभंग ठरतो आणि त्याचा भुर्दंड शेवटच्या खरेदीदाराला सोसावा लागतो. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनींचीही हीच गत. अशा जमिनी वर्ग एकमध्ये रूपांतरित करण्यासाठी २०१९ मध्ये नियम करण्यात आले, आणि नागपूर व अमरावती विभागांतील नझूल भूखंडांसाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजनाही जाहीर केली होती. रूपांतर झाले आहे काय, नसल्यास त्याचा खर्च कोणाकडे, हे सौद्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे.

दुसरा धोका तुकड्यांचा. शेताचे परस्पर तुकडे पाडून ते स्वस्त भूखंड म्हणून विकण्याची प्रथा शहरांच्या हद्दीवर रुजली आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अशा विक्रीवर निर्बंध घातले. पुढे २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली, आणि तुकडे नियमित करण्याचे शुल्कही २०१७ नंतर टप्प्याटप्प्याने सौम्य झाले. या सवलतींचा अर्थ "आज घ्या, उद्या नियमित होईलच" असा लावणे घातक होय. बारा जणांनी मिळून एका शेताचा अविभक्त हिस्सा घेतला, तर सातबार्‍यावर बारा नावे येतात. परंतु कोणता तुकडा कोणाचा, हे कागद सांगत नाही. मग बांधकाम परवानगी अडते, बँक कर्ज देत नाही आणि पुनर्विक्रीत भाव पडतो. मंजूर अभिन्यास व अकृषिक आदेश यांशिवाय भूखंड स्वस्त मिळत असेल, तर ती सूट नसून जोखमीची किंमत असते.

तिसरा धोका सावकारीचा. अडलेल्या शेतकर्‍याकडून कर्जाच्या तारणापोटी नावापुरते खरेदीखत करून घेणे हा या भागातील जुना रोग आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने अवैध सावकारीतून गेल्या पंधरा वर्षांत बळकावलेली मालमत्ता मूळ कर्जदाराला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. ही न्याय्य तरतूद आहे. पण अशी मालमत्ता पुढे विकत घेणारा तिसरा माणूस तीत नाहक अडकू शकतो. म्हणून जागेवर जाऊन प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे हे पाहावे आणि तेथे राहणार्‍याला त्याचा हक्क विचारावा. कब्जेदाराच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होतीच, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा गृहीत धरतो. न विचारणे ही सबब तेथे चालत नाही.

याशिवाय भूमीचा स्वभावही पाहावा. खोल काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असला तर भिंतींना तडे देते. पूर्णेच्या खोर्‍यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे निघते. नळाची जोडणी आहे की नाही, हा तेथे गौण प्रश्न नव्हे. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेचे पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरले होते. भूखंड पूररेषेच्या कोणत्या बाजूस आहे, हे नकाशावर पाहण्यास फार वेळ लागत नाही.

इसार आणि हिशेब

आपल्याकडे सौदा बांधला जातो तो इसारचिठ्ठीने. परंतु विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, हे १८८२ च्या कायद्याचे मूलतत्त्व आहे. मुखत्यारपत्र व करारनामा यांच्या आधारे होणारी 'विक्री' ही विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले. म्हणून इसार बेताचा असावा, बँकेमार्फत द्यावा, आणि करारनामा नोटरीवर न भागविता नोंदणीकृत असावा. त्यात खरेदीची मुदत, कर्ज नामंजूर झाल्यास किंवा हक्कात दोष आढळल्यास इसार परत करण्याची अट, आणि थकीत कर कोणी भरायचा याचा स्पष्ट उल्लेख हवा. नव्या इमारतीतील सदनिका असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणखी संरक्षण दिले आहे : नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या लहान योजनांना या नोंदणीतून सूट आहे. आपल्या शहरांत अशा लहान इमारती पुष्कळ असल्याने तेथे दुप्पट सावध राहिले पाहिजे.

आता थोडे गणित. महापालिका हद्दीत चाळीस लाखांचे घर घेतल्यास पाच टक्के मुद्रांक शुल्क व एक टक्का अधिभार मिळून २,४०,००० रुपये आणि नोंदणी फी कमाल ३०,००० रुपये, असा २,७०,००० रुपयांचा खर्च येतो. २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. म्हणजे येथे ४०,००० रुपये वाचतात. हा कायदेशीर मार्ग सोडून दहा लाख रोख देऊन कागदावर तीसच लाख दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात खरेदीदाराचे साठ हजार वाचतात खरे. पण पुढे हेच घर विकताना नफा कागदोपत्री दहा लाखांनी फुगतो. जुलै २०२४ पासूनच्या साडेबारा टक्के दराने त्यावरील कर १,२५,००० रुपये होतो. शिवाय कर्ज तीस लाखांच्या किमतीवरच मिळते, सौदा फिसकटला तर रोख रकमेचा पुरावा उरत नाही, आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार व त्याहून अधिक रोख घेणारा तेवढ्याच दंडाला पात्र होतो. तेव्हा नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरतो.

विकणार्‍याने काय करावे?

विकणारा नेहमी सुरक्षित असतो, ही देखील चुकीची कल्पना होय. संपूर्ण किंमत हाती येण्यापूर्वी खरेदीखतावर सही करणे ही विक्रेत्याची सर्वांत मोठी चूक असते. केवळ बाकी रक्कम मिळाली नाही म्हणून नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मग उरते ती वसुलीची लढाई. म्हणून उर्वरित रकमेचा धनाकर्ष निबंधकाच्या कार्यालयातच, सहीच्या क्षणी हाती घ्यावा. पुढील तारखेचे धनादेश स्वीकारू नयेत.

दुसरे असे की, घाई ही विक्रेत्याची शत्रू आहे. मुलीचे लग्न, आजारपण किंवा पेरणीची निकड यांसाठी पंधरा दिवसांत विकावे लागणारे घर नेहमीच कमी भावात जाते. वारसनोंद, बँकेचा बोजा उतरविणे, कराची पावती, आखीव पत्रिकेची अद्ययावत प्रत ही कामे गरज नसतानाच उरकून ठेवावीत. कागद स्वच्छ असलेल्या घराला खरेदीदारही अधिक मिळतात आणि भावही. घर विकून दुसरे घर घ्यावयाचे असेल तर आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम केल्यास भांडवली नफ्यावरील करात सवलत मिळते. त्या मुदती ध्यानात ठेवूनच विक्रीची तारीख ठरवावी.

शासनाचे कर्तव्य

एवढी सारी खबरदारी प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे, वकिलाची फी भरून घ्यावी, हे अर्थशास्त्रीय दृष्ट्या अपव्ययाचे आणि सामाजिक दृष्ट्या अन्यायाचे आहे. एकाच अभिन्यासातील शंभर ग्राहक एकच चौकशी शंभर वेळा करतात. आणि ज्याला ती परवडत नाही तो फसतो. अमरावती व अकोला महापालिकांनी मंजूर अभिन्यासांची, नियमित झालेल्या भूखंडांची आणि पूररेषेची सर्वेक्षण क्रमांकवार यादी प्रभाग कार्यालयात व संकेतस्थळावर ठळकपणे लावली, आणि नझूलच्या शर्तींची स्थिती आखीव पत्रिकेवरच नोंदविली गेली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. प्रत्येक खरेदीखतावर शासन मुद्रांक शुल्क घेते. त्या बदल्यात मालकीची हमी देता येत नसेल, तर निदान माहिती तरी द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. तोवर घर घेणार्‍याने एवढे पथ्य पाळावे : भाव मागाहून ठरवावा, कागद आधी वाचावेत.