‘कोणता पॉइंट दाबू, डॉक्टर?’ हा प्रश्नच चुकीचा आहे!

रविवारची रात्र होती. दवाखाना बंद करायच्या बेतात होतो. तेवढ्यात जवळच्या सोसायटीतले एक गृहस्थ पत्नीचा हात धरून आत आले. वय पंचावन्नच्या आसपास, चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने भिजलेला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, यांना संध्याकाळपासून ॲसिडिटी झालीय. चार तास पॉइंट दाबतोय, पण उतरतच नाही."

त्यांच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फुली केलेली होती. व्हॉट्सॲपवर आलेला ‘३० आजार, ३० पॉइंट’ असा तक्ता पाहून मुलाने ती केली होती. मी ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. त्यांना तसेच गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पाठवले, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. पण त्या चार तासांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला, तो परत येत नाही. आज त्यांना दोन जिने चढताना धाप लागते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फुलीची जागा अगदी बरोबर होती. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध. याला पीसी ६ म्हणतात, चिनी नाव नेइग्वान. मळमळीसाठी मी स्वतः तिथे सुई लावतो. मुलाने बिंदू अचूक शोधला होता. फक्त वडिलांना काय झालेय, हे कोणी शोधले नव्हते.

मी ॲक्युपंक्चरच्या विरोधात नाही. गेली अनेक वर्षे ठरावीक आजारांसाठी मी ते वापरतो. म्हणूनच या तक्त्यांचा आणि तक्ते पाहून सुया टोचणाऱ्या आमच्याच काही मंडळींचा मला राग येतो.

डोकेदुखीचा ‘एक’ बिंदू नसतो

कोणताही तक्ता उघडा. ‘डोकेदुखी’च्या पुढे हाताच्या अंगठ्याजवळचा बिंदू दाखवलेला असतो, एलआय ४. तर्जनीच्या तळव्यातल्या हाडाच्या मध्यावर, अंगठ्याच्या बाजूला. चिनी नाव हेगू. बस, दाबा आणि बरे व्हा!

आता ज्या चिनी परंपरेच्या नावाने हे खपवले जाते, ती काय सांगते ते पाहू. तिथला वैद्य आधी विचारतो, डोके नेमके कुठे दुखते? कपाळ दुखत असेल तर जठर आणि मोठ्या आतड्याच्या मार्गावरचे बिंदू. एका बाजूची कानशिले ठणकत असतील तर पित्ताशयाच्या मार्गावरचे. मान आणि डोक्याची मागची बाजू असेल तर मूत्राशयाच्या मार्गावरचे. टाळू दुखत असेल तर यकृताच्या मार्गावरचा, म्हणजे पायाच्या अंगठ्याजवळचा एलआर ३. त्यानंतर तो जीभ बघतो, नाडी बघतो, झोप, पाळी, शौच याबद्दल विचारतो. मग काही बिंदू दुखऱ्या जागेजवळचे, काही दूरचे आणि काही हाताने चाचपून सापडलेले दुखरे बिंदू अशी निवड करतो. जागा मोजायलाही फूटपट्टी नसते. रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी हे माप, कारण प्रत्येकाचे शरीर वेगळे.

हे मार्ग शरीर फाडून दाखवता येत नाहीत, ते मी मान्य करतो. पण निदान प्रश्न तरी विचारले जातात. तक्ता एकही प्रश्न विचारत नाही. म्हणजे तो आधुनिक वैद्यकाशी तर प्रामाणिक नाहीच, चिनी वैद्यकाशीही नाही.

आणि माझे प्रश्न तर आणखी वेगळे आहेत. डोके एकदम, वीज पडावी तसे दुखायला लागले का? ताप आणि मान आखडली आहे का? वय पन्नाशीच्या पुढे आणि अशी डोकेदुखी आयुष्यात पहिल्यांदाच का? हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणे, नजर कमी होणे? यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर हेगू विसरा आणि रुग्णालय गाठा.

अपेंडिक्स काढले, मग सुया लावल्या

ॲक्युपंक्चर जगभर गाजले त्याला एक प्रसंग कारणीभूत झाला. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये होते. तिथे त्यांना अपेंडिसायटिस झाला. परत आल्यावर लोकांनी त्याची दंतकथा केली की ‘त्यांचे ऑपरेशन नुसत्या सुया टोचून झाले.’ मलाही रुग्ण ही गोष्ट अजून सांगतात.

रेस्टन यांनी स्वतः लिहिलेली हकीकत वेगळी आहे. पेकिंगच्या डॉक्टरांनी त्यांच्या तपासण्या केल्या, नेहमीसारखे बधिरीकरणाचे इंजेक्शन दिले आणि पोट उघडून अपेंडिक्स काढून टाकले. ऑपरेशननंतर पोटात गॅस धरून त्यांना त्रास होऊ लागला. तेव्हा उजव्या कोपरापाशी आणि गुडघ्यांखाली अशा तीन सुया लावल्या आणि त्यांना बरे वाटले.

आता गंमत बघा. चिनी पुस्तकांत खुद्द अपेंडिक्ससाठी वेगळा बिंदू आहे. गुडघ्याखाली, लानवेई नावाचा. तो त्या डॉक्टरांना माहीत नव्हता असे कोण म्हणेल? तरीही ॲक्युपंक्चरच्या माहेरघरात त्यांनी आधी चाकू उचलला. सुई आली ती नंतर, उरलेल्या त्रासासाठी. बिंदू निवडायची योग्य वेळ कोणती, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

बिंदूला खरेच किती महत्त्व? आकडे बघा

आता थोडे आमच्या मंडळींना न आवडणारे.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला शास्त्रशुद्ध बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी वरवर टोचलेल्या ‘खोट्या’ सुया, तिसऱ्याला औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण होते: खऱ्या बिंदूंच्या गटात ४७.६ टक्के, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट वाचायला हवा. जुनाट कंबरदुखीत सुयांनी बऱ्याच लोकांना आराम पडला, हे खरे. पण सुई नेमकी कुठे टोचली, याने फारसा फरक पडला नाही, हेही तितकेच खरे. पुढे २०१२ मध्ये जवळपास १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. कंबर, मान, खांदा, गुडघा आणि डोकेदुखीत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या, पण थोड्याच. सुया घेणे आणि सुया न घेणे यांतला फरक त्याहून मोठा होता.

म्हणजे तक्ता ज्या गोष्टीची छातीठोक हमी देतो, ‘या ठिपक्याने हा आजार जातो’, नेमका तोच भाग पुराव्यात सर्वांत कच्चा आहे.

पीसीओडीचे बघा. माझ्याकडे येणाऱ्या किती मुली पोटावरचे आणि पायावरचे ‘पीसीओडी पॉइंट’ दाबत बसतात! चीनमध्येच अशा १००० स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी २१.८ टक्के स्त्रियांना मूल झाले, खोट्या सुया घेतलेल्यांपैकी २२.४ टक्के. फरक नाहीच. क्लोमिफेन ही साधी गोळी घेतलेल्यांमध्ये मात्र २८.७ टक्के आणि नकली गोळी घेतलेल्यांमध्ये १५.४ टक्के. मूल हवे म्हणून वर्ष-दीड वर्ष पॉइंट दाबणाऱ्या चौतिशीच्या मुलीला ते वर्ष कोण परत देणार?

"पण दाबून बघायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. हरकत आहे, ती अशी.

पहिली हरकत वेळेची. झटका, पक्षाघात, अपेंडिक्स यांत मिनिटे मोजायची असतात. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर तातडीने ऑपरेशन लागू शकते. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. त्याला सुई नाही, क्षयाची औषधे लागतात.

दुसरी हरकत गोळ्यांची. ‘शुगरचा पॉइंट’, ‘बीपीचा पॉइंट’ सापडला की गोळी हळूच बंद होते. बीपी दुखत नाही. त्यामुळे वाढलेले कळतही नाही. ज्या दिवशी कळते त्या दिवशी तोंड वाकडे झालेले असते.

तिसरी हरकत बिंदूंचीच. हेगू आणि घोट्याच्या वरचा एसपी ६ हे बिंदू गरोदरपणात टाळावेत असे परंपराच सांगते, पण तक्त्यावर हे छापलेले नसते. खांद्यावरच्या जीबी २१ खाली फुप्फुसाचे टोक असते. तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडते, अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर तळपायाला चिकटवलेला मेथीचा दाणा जखम करतो आणि रुग्णाला कळतही नाही.

"पण मला गुण आला ना!" असे कोणी म्हणेल. आला असेल. साधी डोकेदुखी, उचकी, आखडलेली मान, पोटातला गॅस हे आजार बहुतेक वेळा आपोआपही जातात. कोंबडा आरवतो म्हणून सूर्य उगवतो असे नाही.

मग बिंदू वापरायचेच नाहीत का?

वापरा की! पण निदान झाल्यावर आणि जिथे आधार आहे तिथे.

• मळमळ: पीसी ६. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-उलटीसाठी ५९ चाचण्यांचा, ७६६७ रुग्णांचा आढावा २०१५ मध्ये आला. खोट्या उपचारापेक्षा फायदा दिसला. डॉक्टरांनी तपासल्यावर गरोदरपणातल्या किंवा प्रवासातल्या साध्या मळमळीसाठी दोन-तीन मिनिटे दाबून बघायला माझी ना नाही. छातीत जळजळ आणि घाम असेल तर मात्र मुळीच नाही.

• जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज: दुखऱ्या जागेजवळचे बिंदू आणि एखादा दूरचा. सोबत व्यायाम हवाच. सुई दुखणे कमी करते, मांडीचे स्नायू ती बळकट करत नाही.

• अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी: झटक्यांची संख्या कमी करण्यासाठी, आठवड्यातून एक-दोनदा असे काही आठवडे.

बीपी, मधुमेह, थायरॉईड, मुतखडा, वंध्यत्व, कर्करोग यांसाठी ‘पॉइंट’वर विसंबू नका. कर्करोगाच्या रुग्णाला केमोथेरपीच्या मळमळीसाठी सुई देणे ठीक. कर्करोगासाठी देणे हा गुन्हा समजा.

सुई टोचून घेण्याआधी विचारा

१. माझे निदान काय आहे आणि ते कशावरून केले?
२. हेच बिंदू का निवडले? (‘सगळ्यांना हेच देतो’ असे उत्तर आले तर उठा.)
३. माझ्या चालू गोळ्या बंद करायला सांगणार का? (‘हो’ म्हटले तर लगेच उठा.)
४. किती बैठकांत फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर पुढे काय? तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला याचे उत्तर देता येत नाही.
५. सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना? पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.
६. तुमची नोंदणी कुठे आहे? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. विचारायला लाजू नका.

आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल, तर त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.

भारतात ही विद्या आणण्याचे श्रेय डॉ. बिजय कुमार बसू यांना दिले जाते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले ते डॉक्टर. आधी वैद्यक शिकले, नंतर सुई हातात घेतली. तोच क्रम आपणही पाळू या.

त्या गृहस्थांचा मुलगा परवा आला होता. म्हणाला, "डॉक्टर, तो तक्ता मी फोनमधून काढून टाकला." मी म्हटले, "काढू नकोस. ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर परत टाक. फक्त खाली लिही: बाबा चार तास हेच दाबत बसले होते."