पिकअपला दुसरे इंजिन : हात हुशार, पण कागदाचे काय?

कुर्ल्याच्या भंगारबाजारातून डिझेल इंजिन आणायचे आणि खलास झालेल्या पिकअपमध्ये बसवायचे, हा धंदा आपल्या गॅरेजवाल्या बिरादरीत जुना आहे. फाउंडेशन कापून नव्याने वेल्ड करणारा, लेथवर प्लेट काढून परक्या गिअरबॉक्सशी इंजिन जुळवणारा उस्ताद खरोखर गुणी असतो. त्याची कदर आम्हाला आहे. आमची तक्रार त्यापुढच्या गोष्टींची आहे.

पहिली गोष्ट ब्रेकची. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच इंजिनांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. भंगारवाला इंजिन विकताना अल्टरनेटर काढून वेगळा विकतो आणि मिस्त्री हाताला लागेल तो लावतो. इंजिन सुरू होते, गाडीही धावते. पण घाटात भरलेली गाडी उतरताना पेडल दगडासारखे कडक होते. शिवाय इंजिन जड असेल तर पुढचे पाटे बसतात आणि जुना रेडिएटर पुरत नाही.

नावावरही जाऊ नये. महिंद्राचे पंपवाले जुने डीआय इंजिन २५२३ सीसीचे आणि नंतरचे कॉमन रेलचेही २५२३ सीसीचेच. दुसऱ्याला ईसीयू, सेन्सर, पूर्ण वायरिंग लागते. त्याच्या जागी पंपवाले बसवले, तर २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीची धुराची सारी व्यवस्था निकामी होते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेले कलम १८२-अ बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगते. अपघात झाला आणि आरसी बुकातला इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनीला दावा अडवायला आयतेच निमित्त मिळते. कर्जाची गाडी असेल तर फायनान्सवालाही मानेवर बसतो.

हे सारे भोगतो तो भाजी-फळे वाहणारा गरीब गाडीवाला. मिस्त्रीने मजुरी घेतलेली असते, भंगारवाल्याने पैसे मोजलेले असतात. बिल मात्र कुणाकडेच नसते! मालातला ऐब लपवून विकलेली रोजी हलाल कशी, हे आपल्या भाईंना आम्ही सांगायला नको.

आमचे म्हणणे असे : आधी गाडीचे स्वतःचेच इंजिन वाचवा. रिबोअर, स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग, पंप-नोझलचे कॅलिब्रेशन ही कामे करणारे हात आपल्याकडेच आहेत. बदलणे भागच असेल तर त्याच बनावटीचे, त्याच मॉडेलचे इंजिन बिलासह घ्या, आरटीओची परवानगी आधी काढा आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. भंगारवाल्यांनीही इंजिन कोणत्या गाडीतून निघाले, तिचा नंबर काय, हे बिलावर लिहून द्यावे. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडे चोरीचा माल असू शकतो, एवढे समजून घ्यावे.