मुका झालेला डावा स्पीकर

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे आपण दोष शोधण्यापूर्वींच निकाल देऊन मोकळे होतों. "जुनें झालें, टाका आतां" हा तो निकाल. तो पुष्कळदां चुकीचा असतो, असें माझें मत आहे. आणि तें एका अँप्लिफायरमुळें बनलें आहे.

आमच्या घरीं वडिलांनीं हौसेनें घेतलेला एक स्टीरिओ अँप्लिफायर आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याचा डावा स्पीकर मुका झाला. एका दुकानांत दाखविला, तेव्हां झाकणहि न उघडतां "ट्रॅन्झिस्टर जळले, नवा घ्या" असें सांगण्यांत आलें. वडिलांनीं तो भंगारवाल्यासाठीं दाराशीं नेऊन ठेविला, आणि दोन दिवस ते कोणाशीं फारसें बोलले नाहींत.

नववींत शिकणारा माझा पुतण्या मात्र म्हणाला, "काका, उजवा तर वाजतो ना?"

या प्रश्नांतच सारें शास्त्र आहे. अ‍ॅलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं ध्वनीसाठीं दोन स्वतंत्र वाटा ठेवण्याच्या कल्पनेच्या पेटंटाकरितां अर्ज केला, तेव्हां त्याच्या मनांत ध्वनीची दिशा होती, दुरुस्तीची सोय नव्हे. परंतु त्यामुळें एकाच पेटींत दोन सारखीं यंत्रें आलीं, आणि एक आजारी पडल्यास त्याचें निरोगी भावंड तुलनेस शेजारींच असतें. इतकी सोय वैद्यासहि लाभत नाहीं.

प्रथम बॅलन्सचें बटण मध्यावर आहे कीं नाहीं तें पाहिलें. (तें एका बाजूस फिरलेलें असल्यामुळें दुकान गांठणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत.) मग वीज बंद करून रेकॉर्ड-प्लेयरकडून येणाऱ्या दोन तारांची अँप्लिफायरच्या पाठीमागें अदलाबदल केली. मुकेपणा उजवीकडे गेला असता तर दोष प्लेयरांत अथवा तारेंत ठरता. तो डावीकडेच राहिला.

यापुढें स्पीकरांची अदलाबदल. आणि येथें घाई करूं नये. ट्रॅन्झिस्टर खरोखरच जळलेले असल्यास त्या बाजूनें एकदिश विद्युत्प्रवाह बाहेर पडून स्पीकरचें वेटोळें जाळूं शकतो. तेथें निरोगी स्पीकर लावणें म्हणजे दुसऱ्याचाहि बळी देणें. म्हणून दोन्ही स्पीकर सोडवून, गाणें न लावतां, मीं स्वतः मल्टिमीटरनें दाब मोजला. व्होल्टाचा कांहीं शतांश भाग भरला तर चिंता नाहीं. पूर्ण व्होल्ट भरूं लागले तर तेथेंच थांबावें. आमचें माप निर्दोष निघालें. स्पीकर बदलले, निरोगी स्पीकर डावीकडे येतांच मुका झाला. दोष अँप्लिफायरच्या डाव्या भागांतच होता.

इतक्यांत पुतण्यानें आवाजाचें बटण बरेंच वर नेलें. खरखर झाली आणि डावी बाजू गाऊं लागली. आवाज उतरवितांच पुन्हां विझली. जळलेला ट्रॅन्झिस्टर असा जिवंत होत नाहीं. पुष्कळ अँप्लिफायर सुरू केल्यावर कांहीं सेकंदांनीं 'टक्' असा आवाज येतो, तो रिलेचा. त्याची दोन टोकें जुळलीं म्हणजे स्पीकरकडील वाट उघडते. टोकांवर पुट चढलें कीं क्षीण प्रवाह अडतो, जोराचा मात्र तें भेदून जातो. 'टक्' ऐकूं येत होता, उजवी बाजू वाजत होती. तेव्हां संशय डाव्या बाजूच्या टोकांवरच आला.

झाकण आम्हीं उघडलें नाहीं. आंतील कपॅसिटर वीज तोडल्यावरहि भार धरून ठेवतात. एका जाणत्या कारागिरास आमचीं निरीक्षणें सांगितलीं. त्यानें पडताळून पाहून रिले बदलला. बाकी सर्व शाबूत होतें.

मुलांनीं विजेच्या वस्तूंस हात लावूं नये, असें पालक म्हणतात. झाकणाच्या आंत तें शंभर हिश्शांनीं खरें आहे. परंतु झाकणाबाहेर, वीज तोडून, वडील माणसाच्या देखत तारा बदलून पाहण्यास मनाई कां असावी? शाळेंतील प्रयोगाचें उत्तर पुस्तकांत अगोदरच छापलेलें असतें. येथें तें दुकानदारासहि ठाऊक नव्हतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची आणि काय झालें तें लिहून ठेवावयाचें, हें त्या मुलास कोणीं शिकविलें नव्हतें. दुसऱ्या खेपेस गोंधळ उडाल्यावर तो आपण होऊन वही घेऊन बसला.

अँप्लिफायर आतां पूर्वींच्या जागीं आहे. जुना रिले वडिलांनीं फेंकूं दिला नाहीं. तो पुतण्याच्या कंपासपेटींत आहे.