घडीवरचा मजकूर

गेले तीन आठवडे आमच्या दिवाणखान्यात बॅग टांगून वजन करायचा काटा लटकतोय. मेलबर्नला जायचं ठरलं, तेही कायमचं, आणि आमच्या तिकिटावर माणशी तीस किलो सामान लिहिलेलं. आम्ही तिघं. म्हणजे पंचवीस वर्षांचा संसार नव्वद किलोत बसवायचा! फ्रिज, कपाटं, शेगडी यांचा निकाल दोन दिवसांत लागला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले, लोक आले, घासाघीस करून घेऊन गेले. खरी पंचाईत झाली ती माळ्यावरच्या डब्यांची आणि पिशव्यांची. त्यातलं काहीच कुणी विकत घेणार नव्हतं आणि काहीच टाकवत नव्हतं.

त्यात कायदेही आडवे येतात, हे मला आत्ता कळलं. लेकीनं चौथीत असल्यापासून वहीत जपलेलं मोरपीस भारतातून बाहेर नेता येत नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात उतरताना लाकडाची, बियांची, पिसांची, शिंपल्यांची कुठलीही वस्तू असेल तर ती आधी जाहीर करावी लागते. त्यांना शंका आली तर ते ठेवून घेतात. आजेसासूबाईंची रुद्राक्षाची माळ, लग्नातली सुपारी, गणपतीपुळ्याचे शिंपले, सगळंच त्यात आलं. तांब्याचं जुनं घंगाळ न्यायचं तर वेगळाच प्रश्न. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते आणि तशी ती घेऊन देशाबाहेर जाता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. घंगाळ नणंदेकडे गेलं. तिच्याकडे निदान अंगण आहे.

पण या सगळ्यापेक्षा मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पहिल्याच दिवशी मी शिस्तीत तीन ढीग केले. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. संध्याकाळी लेक क्लासहून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, टाकायच्या ढिगात सगळं तुझंच कसं गं?’

बघितलं तर खरंच की! वक्तृत्वाचे दोन कप, एनसीसीचा फोटो, कॉलेजच्या अंकात छापून आलेला माझा लेख, हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनी शेवटच्या दिवशी भरलेली वही, पत्रांचा गठ्ठा. आणि ‘न्यायचं’ या ढिगात काय? ह्यांची कंपनीची मानचिन्हं, लेकीचं बालवाडीचं प्रगतिपुस्तक, तिचे जावळाचे केस, सासऱ्यांचं पेन. कुणी मला असं करायला सांगितलं नव्हतं. ह्यांनी तर ढिगाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. हात आपोआप तसे चालले होते.

मैत्रिणींनो, आवराआवर आपल्याकडे असते. त्यामुळे घरात काय राहणार आणि काय जाणार हेही आपणच ठरवतो. आणि एवढी सत्ता हातात आली की पहिली कात्री आपण स्वतःवर चालवतो. ‘माझं काय, होतं आपलं जुनं काहीतरी!’ ह्यांची पदवी कपाटात, फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पाकिटात. माझी बी.ए.ची पदवी आकाशकंदिलाच्या खोक्याच्या तळाशी सापडली. तीही लेकीमुळे, नाहीतर खोक्यासकट गेली असती. तिकडे नोकरीसाठी अर्ज करायचा झाला तर तोच कागद लागणार आहे. शिवाय पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्या दोन्ही बायका एकच आहेत हे सांगणारा लग्नाच्या नोंदणीचा दाखला मिळेपर्यंत माझी अख्खी दुपार गेली.

१८८३मध्ये आनंदीबाई जोशी शिकायला अमेरिकेला गेल्या. त्यांची पत्रं ज्यांच्याकडे होती त्यांनी ती फेकून दिली नाहीत, म्हणून काशीबाई कानिटकरांना पुढे त्यांचं चरित्र पत्रांच्या आधारानं लिहिता आलं. आपण कुणी आनंदीबाई नाही, हे मान्य. पण मुंबईत ‘स्पॅरो’ नावाची संस्था १९८८पासून बायकांची छायाचित्रं, कागदपत्रं, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेल्या हकिगती जमवते आहे. असं काम मुद्दाम उभं करावं लागलं, याचाच अर्थ घराघरांतून हे सगळं नाहीसं होत होतं. कुणी जाळून टाकलं असं थोडंच असतं? दिवाळीच्या आधी माळा आवरला, एवढंच होतं.

तर मी ढीग मोडले आणि पुन्हा बसले. या वेळी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचं ठरवलं, ही नक्की कुणाची? उत्तरं गमतीशीर आली. हॉस्टेलच्या वहीतल्या एकीला तिच्या पानाचा फोटो पाठवला, तर ती फोनवर दहा मिनिटं नुसती हसत होती. लग्नाची कॅसेट ह्यांची आणि माझी, पण ती लावणार कशावर? जपानमधल्या शेवटच्या कंपनीनंही २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. दुकानदारानं कॅसेटला बुरशी लागलीय म्हणून नाक मुरडलं, तरी साफ करून बरंचसं उतरवून दिलं. अक्षता टाकणारी आई त्यात चार सेकंद दिसते. (तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर या सुट्टीत उतरवून घ्या, पुढच्या नको.)

एका पिशवीपाशी मात्र मी अडले. मी बारा वर्षं आठवड्यातून तीन दिवस एका कौटुंबिक सल्ला केंद्रात जात आलेय. केसपेपर अर्थातच केंद्रातच असतात. पण काही बायका कधीतरी म्हणतात, ‘ताई, हे तुमच्याजवळ राहू द्या.’ नाही म्हणायला हवं, नियम तसाच आहे, आणि बहुतेक वेळा मी तसं म्हटलंही. तीनदा नाही म्हणता आलं नाही. एकीची पत्रं, एकीचं बंद पाकीट आणि एकीची दोनशे पानी वही. ही काही माझी आठवण नव्हे. ती टाकायचा अधिकार मला नाही आणि परस्पर समुद्रापार न्यायचाही नाही.

फोन केले. पहिली म्हणाली, ‘जाळून टाका ताई. नातू झालाय मला आता.’ तिच्या पत्रांची राख झाली ती माझ्या समोर, बादलीत. दुसरीचा नंबर बंद होता. तिचं पाकीट न उघडता, वर चिठ्ठी लावून, केंद्राच्या कपाटात ठेवून आले. तिसरी, जिची वही, ती जरा वेळ गप्प राहिली. तिचं आता बरं चाललंय, नवरा दारू सोडून कामाला जातो, ती स्वतः शाळेच्या स्वयंपाकावर आहे. मी म्हटलं, ‘अगं, मग घेऊन जा की तुझी वही.’ तर म्हणाली, ‘ठेवू कुठं, ताई? माझ्या घरात माझं असं एक कुलूप नाही.’

मी बऱ्याच सभांमधून बायकांच्या मालमत्तेवर बोलले आहे. घर दोघांच्या नावावर हवं, सातबाऱ्यावर नाव हवं. ते हवंच. पण एक कुलूप लागणारा डबा, हे मी कधी बोलले नव्हते. आठवण जपायला आधी जागा लागते, हे माझ्यासारख्या माळा असलेल्या बाईच्या लक्षातच येत नाही. ती वही माझ्या हातातल्या बॅगेत जाणार आहे. तिला सांगून, तिच्या म्हणण्याप्रमाणे. केंद्रातल्या एका सहकारी ताईंना ती माझ्याकडे असल्याचं ठाऊक आहे.

आता राहिला पत्रांचा गठ्ठा. १९९५ ते १९९८ मी पुण्यात हॉस्टेलला होते, माहेर मिरजेला. एसटीडी बूथवरून फोन फक्त अडीअडचणीला, बाकी आंतर्देशीय पत्रं. ज्यांनी ती लिहिली आहेत त्यांना आठवेल, आतल्या बाजूला लिहायचं, मग घड्या घालायच्या आणि कडेच्या पट्ट्यांना डिंक लावून बंद करायचं. आतला सगळा मजकूर बाबांचा असे. मास्तरांचं अक्षर, समास सोडून, खाली ‘तुझे बाबा’. मग ते पत्र आईकडे जाई, तिनं दोन ओळी लिहायच्या आणि बंद करून पोस्टात टाकायचं. आईला मिळे ती घडीची पट्टी. त्या पट्टीवर ती आडवं, बारीक, मुंगीसारखं लिहायची. आणि पत्र फोडताना नेमकी तीच पट्टी फाटे. तिचे दोन-चार शब्द तरी दर पत्राला जात.

भावानं ठरवलं, बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे तर या पत्रांचं छोटं पुस्तक करून त्यांना द्यायचं. कल्पना फार छान. लेकीनं दोन दिवस खपून एकशे बारा पत्रांचे फोनवर फोटो काढले. बघायला बसले तर सगळी पानं स्वच्छ, बाबांचं अक्षर मोत्यासारखं, पण पट्ट्या कुठेच नाहीत. ‘अगं, कडा फाटलेल्या होत्या ना, म्हणून मधलं तेवढंच घेतलं,’ लेक म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. पत्र म्हटलं की कुणीही मधलंच बघणार.

मग मी त्या पट्ट्या वाचायला बसले. पंचवीस-तीस वर्षांत पुन्हा वाचल्या नव्हत्या. बहुतेक ठिकाणी ‘डोक्याला तेल लाव’, ‘मेतकूट पाठवलंय’ असलंच. पण नोव्हेंबर १९९७च्या एका पत्रात लिहिलंय, ‘ह्यांना सांगू नको. कराडच्या लोकांना मी परस्पर कळवलंय की मुलगी परीक्षेनंतर दाखवू. शिवणाचे चारशे आहेत ते पाठवते. फॉर्म भर.’ पुढचे शब्द फाटलेत.

मला ते तेव्हा फारसं कळलं नसणार. मी फॉर्म भरला, झालं. आता मात्र आठवलं की त्या दिवाळीनंतर बाबा कितीतरी दिवस पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर उभे असायचे. कराडचं स्थळ त्यांना मनापासून आवडलं होतं. तिकडून पुढे काहीच आलं नाही, याचा त्यांनी अपमान वाटून घेतला होता. आणि आई आत मशीनवर बसलेली.

भाऊ म्हणाला, ‘तायडे, पट्ट्या नकोच आपण. आई जाऊन चौदा वर्षं झाली, बाबा ऐंशीच्या पुढचे. कशाला उगाच?’ त्याचं चूक नाही. सगळंच छापायला हवं असं माझंही म्हणणं नाही. बाईचं गुपित तिच्या माघारी कुणी उघडावं का, हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या वहीबद्दल इतका सोवळेपणानं सोडवला आणि आईच्या वेळी काय करू? आईला फोन लावून विचारता येत नव्हतं. पण पट्ट्या गाळून जे पुस्तक झालं असतं, त्यात मला शिकवलं ते फक्त बाबांनी, असं छापून आलं असतं. आणि ते खोटं होतं. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, आधी बाबांना दाखवायचं, मग ते म्हणतील तसं.

मागच्या रविवारी मिरजेला गेले. दुपारी, भाऊ-वहिनी झोपल्यावर, गठ्ठा बाबांपुढे ठेवला. त्यांची स्वतःची पत्रं त्यांनी भराभर चाळली. कुठल्याशा शुद्धलेखनाच्या चुकीवर पेननं खूणही केली. मग मी भिंग दिलं आणि ती पट्टी दाखवली. त्यांनी एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

‘म्हणजे त्यांनी नकार दिला नव्हता?’

‘नाही, बाबा.’

बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, चुकलंच आपलं.

‘स्थळ चांगलं होतं ते,’ बाबा म्हणाले. ‘घरचा ऊस होता.’ आणि मग भिंग पुन्हा उचलून, ‘बाकीच्या कुठायत? नीट क्रमानं लाव बघू. आणि पंखा कमी कर, उडतील.’