बारा डब्यांची सूर्यमाला

परवा शनिवारी मुलुंडला ताईकडे गेलो होतो. भाची सहावीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी ती सूर्यमालेवरची एक फिल्म बघत बसली होती. झकास ॲनिमेशन, भारदस्त आवाजातलं निवेदन, सगळे ग्रह शिस्तीत एका ओळीत. मध्येच तिने विचारलं, "मामा, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते ना रे?"

मी 'हो' म्हणणारच होतो! इंजिनिअरिंगची डिग्री आहे हो माझ्याकडे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते (सुमारे 14.7 कोटी किमी) आणि सर्वांत लांब जुलैत (सुमारे 15.2 कोटी किमी), हे कधीतरी वाचलेलं ऐनवेळी आठवलं म्हणून अब्रू वाचली. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून.

मग तिच्या (आणि माझ्या) डोक्यात ती चूक आली कुठून? फिल्म थांबवली आणि उत्तर पडद्यावरच दिसलं. पृथ्वीची कक्षा तिरक्या बाजूने बघितल्यासारखी काढली होती, म्हणून ती चांगली अंड्यासारखी लांबट दिसत होती. प्रत्यक्षात ती जवळजवळ गोल आहे. पण पोरगी जे दिसतंय तेच खरं धरणार ना! तिला म्हटलं, "या चित्रात सूर्य मधोमध आहे, म्हणजे पृथ्वी वर्षातून दोनदा जवळ येते. मग उन्हाळे दोन का नाहीत?" ती विचारात पडली. पाठांतरापेक्षा हे बरं.

हा घोळ फक्त आपल्याकडे नाही बरं का. 1987 मध्ये अमेरिकेत 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा माहितीपट निघाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात 23 जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचं कारण विचारलं होतं. त्यात नवे पदवीधर होते, प्राध्यापकही होते. 21 जण चुकले.

याचा अर्थ शैक्षणिक फिल्म वाईट असा मुळीच नाही. उलट या प्रकाराची आपल्याकडची सुरुवात फार सुंदर आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात! एरवी डोळ्यांना कधीच दिसली नसती अशी गोष्ट कॅमेऱ्याने दाखवली. आकाशाची अडचणही हीच आहे. सगळं इतकं सावकाश चालतं की बघणाऱ्याचा धीर सुटतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. तिथे फिल्मला पर्याय नाही.

1925 साली जर्मनीत 'वुंडर डेअर श्योपफुंग' ('सृष्टीचे चमत्कार' म्हणा हवं तर) नावाचा मूकपट निघाला. त्यात अंतराळयानात बसून ग्रहांची सफर आहे. गंमत म्हणजे प्लूटो सापडला 1930 मध्ये आणि ग्रहांच्या यादीतून बाहेर गेला 2006 मध्ये, त्यामुळे त्या बाबतीत ही शंभर वर्षांपूर्वीची फिल्म पुन्हा बरोबर ठरलीय!

माझं म्हणणं एवढंच की फिल्म वेळ उत्तम आवळते, पण अंतर आवळते तेव्हा चक्क थाप मारते. आणि थाप मारतेय हे मुलांना कोणी सांगत नाही. आकार आणि अंतर दोन्ही खऱ्या प्रमाणात दाखवायचं तर पडदाच पुरत नाही. हिशोब करून बघा. सूर्य 14 सेंटीमीटरचा चेंडू धरला तर पृथ्वी होते मोहरीचा दाणा, आणि तो ठेवायचा 15 मीटरवर. आता बारा डब्यांची लोकल घ्या, सुमारे अडीचशे मीटर लांब. चेंडू मोटरमनच्या केबिनपाशी ठेवा. बुध, शुक्र, पृथ्वी तिन्ही पहिल्याच डब्यात. मंगळ दुसऱ्यात. गुरू (काबुली चण्याएवढा) चौथ्यात, शनी सातव्यात. पुढचे पाच डबे रिकामे! (मुंबईत हे फक्त थिअरीत शक्य.) युरेनस गाडीच्या बाहेर, आणि नेपच्यून मोटरमनपासून साडेचारशे मीटर मागे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? साधारण सिंगापूरला.

यावर काम करणारी माणसं आपल्या जवळच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होती. शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना खगोलशास्त्र शिकवताना हातवारे आणि शरीराच्या हालचाली वापरल्या. 2011 मध्ये त्यांचा शोधनिबंधही आला. मॉडेल आणि कागदावरची आकृती यांच्यामधला पूल म्हणजे मुलाचं स्वतःचं शरीर, असा तो विचार आहे. मला तो शंभर टक्के पटतो. स्वतः गोल फिरल्याशिवाय दिवस-रात्र कळत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि आईबापांना एकच विनंती. फिल्म जरूर लावा, पण मध्ये थांबवा. "यात खोटं काय आहे?" हे विचारा. मग उठून तेच करून बघा. नुसती फिल्म लावून बाहेर निघून जायचं असेल तर त्यापेक्षा न लावलेली बरी, कारण चुकीचं चित्र एकदा डोक्यात बसलं की डिग्रीनेही निघत नाही. अनुभवाचे बोल आहेत!

आम्ही त्या दिवशी टेबलावर दिवा ठेवला. संत्र्यात विणायची सुई तिरकी खुपसली आणि सुईचं टोक सतत खिडकीकडे ठेवून भाची टेबलाभोवती फिरली. दुसऱ्या फेरीला ओरडली, "अरे मामा, इथे वरचा भाग दिव्याकडे झुकतोय आणि तिकडे खालचा!" ऋतू समजले. संत्रं नंतर खाल्लं.

संध्याकाळी मला सोडायला ती मुलुंड स्टेशनवर आली. लोकल आली तशी डबे मोजत सातव्यापाशी थांबली आणि म्हणाली, "शनी." नेपच्यूनपर्यंत जायचं म्हणत होती, पण रूळ ओलांडणं गुन्हा आहे.