हात नको, गल्ला चालेल

१४ सप्टेंबर २०२५, रविवारची संध्याकाळ. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावलेला, वडापावची ऑर्डर गेलेली, आणि आम्ही दहा-बारा जण आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच बघायला जमलेलो. बहुतेक सगळे आयटीतलेच. आमच्या ग्रुपमधला एक मित्र मूळचा डोंबिवलीचा. पहलगाममध्ये एप्रिलमध्ये जी २६ माणसं मारली गेली त्यातली सहा महाराष्ट्रातली, आणि त्यातली तीन डोंबिवलीची. हा पठ्ठ्या तेव्हा भागशाळा मैदानावर अंत्यदर्शनाला जाऊन आला होता. त्याने दुपारीच ग्रुपवर एक ओळ टाकली, "तुम्ही बघा, मी येत नाही."

त्यावर आमच्यातल्याच एकाचं उत्तर: "अरे खेळात राजकारण कशाला आणतोस?"

मॅच झाली. पाकिस्तानचे १२७, आपण सात विकेट्सनी जिंकलो. सूर्यकुमारने विजयी फटका मारला आणि हस्तांदोलन न करता सरळ ड्रेसिंग रूमकडे निघून गेला. आणि तेच आमचे "खेळात राजकारण नको"वाले महाशय खुर्चीवर उभे राहून ओरडले, "वा! दाखवून दिलं!"

टाळ्या मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू? पण घरी येताना लिफ्टमध्ये डोक्यात किडा वळवळायला लागला. चार तासांपूर्वी खेळात राजकारण नको होतं, आणि आता मॅचमधला सगळ्यात आवडलेला क्षण राजकीय होता. दोन्ही वाक्यं एकदम खरी कशी असतील? तेव्हापासून बराच विचार केला, थोडं वाचलं. सरळ सांगायचं तर, मला त्या संध्याकाळची लाज वाटते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. भारत-पाकिस्तान मॅच "शेड्यूलमध्ये आली म्हणून खेळावी लागली" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मंडळी, शेड्यूल आकाशातून पडत नाही. २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी ते २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी, पुरुषांच्या मर्यादित षटकांच्या आयसीसी स्पर्धा झाल्या अकरा. अकराच्या अकरा स्पर्धांमध्ये हे दोन देश पहिल्याच फेरीत समोरासमोर! दोन वर्ल्ड कपांत सगळेच सगळ्यांशी खेळले, ते सोडून द्या. तरी उरलेल्या नऊ वेळा दोघं एकाच गटात. हे रँडम फंक्शन नाही राव, ही व्हॅल्यू हार्डकोड केलेली आहे. २०२५ च्या आशिया कपमध्येही दोघं एकाच गटात, आणि पुढे गेले की परत रविवारी, फायनलला परत रविवारी. १४, २१ आणि २८ सप्टेंबर. तीन रविवार, तीन मॅच. जाहिरातदाराला याहून गोड कॅलेंडर कोण देणार?

आता त्याच वर्षी बाकी काय काय बंद झालं ते बघा. पहलगामनंतर अटारीची सीमा बंद झाली, व्यापार बंद झाला, सिंधू पाणी करार स्थगित झाला, एकमेकांच्या विमानांना आकाश बंद झालं. फवाद खानचा 'अबीर गुलाल' मे महिन्यात इथे प्रदर्शित होऊ शकला नाही. 'सरदारजी ३' मध्ये पाकिस्तानी अभिनेत्री होती म्हणून तो भारतात लागला नाही, परदेशातच लागला.

आणि नीरज चोप्राचं आठवतंय? बंगळुरूला त्याच्या नावाने भालाफेकीची स्पर्धा व्हायची होती, तिचं निमंत्रण त्याने अर्शद नदीमला पाठवलं होतं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी. तरी या ऑलिंपिक सुवर्णविजेत्याला, जो स्वतः सैन्यात आहे, इतक्या शिव्या खाव्या लागल्या की त्याला जाहीर निवेदन काढावं लागलं. त्याच्या देशप्रेमावर, त्याच्या आईवर लोक घसरले. एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूला बोलावलं एवढाच गुन्हा.

म्हणजे सीमेवरच्या ट्रकवाल्याने किंमत मोजली, हमालाने मोजली, सिनेमावाल्याने मोजली, भालाफेकपटूने मोजली. एकाच धंद्याला सूट मिळाली. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पैसा आहे, आणि ज्याला एका मॅचचं नुकसान सगळ्यात सहज झेपलं असतं, नेमक्या त्यालाच.

यावर सरकारचा युक्तिवाद आहे, आणि तो फालतू नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयाने धोरण जाहीर केलं: पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, तटस्थ ठिकाणीही नाहीत, पण अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायचं. कारण? आपल्याला ऑलिंपिक भरवायचं आहे. २०१९ मध्ये पुलवामानंतर दिल्लीतल्या नेमबाजी वर्ल्ड कपसाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारताशी यजमानपदाची सगळी बोलणी थांबवली होती. लेखी हमी दिल्यावर प्रकरण मिटलं. हे खरं आहे.

पण आशिया कप काय ऑलिंपिक आहे? आणि या स्पर्धेवर बहिष्कार पहिल्यांदाच पडला असता असंही नाही. १९८६ मध्ये श्रीलंकेशी संबंध बिघडले म्हणून आपणच आशिया कपला गेलो नव्हतो. १९९०-९१ मध्ये भारतातल्या आशिया कपला पाकिस्तान आला नाही. १९९३ चा तर या दोघांच्या भांडणापायी रद्दच झाला. कोणावर आभाळ कोसळलं? २०२५ ला तर कागदोपत्री यजमान आपणच होतो, फक्त मॅचेस अमिरातीत होत्या.

आता पुण्यातली एक गोष्ट सांगतो. माझ्या वयाच्या फार थोड्यांना ती माहीत असते, मलाही नव्हती.

१९७४. डेव्हिस कप. विजय आणि आनंद अमृतराज हे दोघे भाऊ, सोबत जसजित सिंग. कोलकात्यात यांनी ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं. मग सप्टेंबरात सोव्हिएत युनियनशी उपांत्य लढत, ती झाली आपल्या पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर. ३-१ ने जिंकलो आणि भारत डेव्हिस कपच्या फायनलमध्ये! समोर कोण? दक्षिण आफ्रिका. वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका, जिथे कातडीचा रंग बघून देशाच्या संघाचं दार उघडायचं किंवा बंद व्हायचं.

भारत खेळला नाही. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली आणि कप त्यांच्या नावावर लागला. डेव्हिस कपच्या इतिहासात फायनल न खेळता कप दिला गेल्याची ही एकमेव वेळ. आपण त्याआधी १९६६ ला फायनल हरलो होतो, नंतर १९८७ ला हरलो. डेव्हिस कप भारताने आजवर जिंकलेला नाही. विशीतल्या विजय अमृतराजच्या आयुष्यात ती संधी पुन्हा तशी आली नाही.

हा निर्णय खेळाडूंचा नव्हता, वरून आला होता. म्हणून मला तो पूर्ण न्याय्य वाटत नाही, बिल त्या तिघांच्या नावावर फाटलं हे खरंच आहे. पण त्यात एक गोष्ट होती जी २०२५ मध्ये नव्हती. सुसंगती. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. टेनिसची पाळी आली अठ्ठावीस वर्षांनी. आधी देशाने आपला खिसा रिकामा केला, मग खेळाडूंना त्याग करायला लावला. आणि जो चषक हातातोंडाशी आला होता तो सोडला. या सगळ्याचा शेवटही ऐका. नोव्हेंबर १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली ती कुठे? ईडन गार्डन्सवर, भारताविरुद्ध. ज्याने दार लावून घेतलं होतं त्यानेच ते उघडलं, म्हणून त्या उघडण्याला अर्थ होता.

कोणी म्हणेल, हस्तांदोलन नाकारणं हाही निषेधच आहे की. १९६८ ला मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोसने नुसत्या मुठीच तर उंचावल्या होत्या! हो, पण त्या मुठींचं बिल कोणी भरलं ते बघा ना. दोघांना ऑलिंपिकमधून घरी पाठवलं. त्यांच्याशेजारी रौप्यपदक घेऊन उभा असलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, त्याने मूठही उचलली नव्हती, फक्त छातीवर एक बिल्ला लावला होता. तो पुन्हा ऑलिंपिकला गेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली २०१२ मध्ये, तो जाऊन सहा वर्षं झाल्यावर. ज्या निषेधाची किंमत मोजावी लागते, त्याला निषेध म्हणतात. ज्याच्यावर टीआरपी मिळतो, त्याला प्रमोशन म्हणतात.

सूर्यकुमारवर माझा राग नाही. त्याने त्या स्पर्धेचं आपलं मानधन सैन्यदलांना द्यायचं जाहीर केलं, म्हणजे निदान स्वतःच्या खिशात हात घातला. खेळाडूला मैदानात ढकलायचं, वर देशभक्तीचं प्रदर्शनही त्यालाच करायला लावायचं, आणि आपण मागे राहून गल्ला मोजायचा, राग या व्यवस्थेवर आहे. फायनलनंतर मोहसिन नक्वींच्या हातून ट्रॉफी घेतली नाही आणि बोर्डाने संघाला २१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. ट्रॉफी नको, पण ज्या स्पर्धेची ती ट्रॉफी होती तिचं उत्पन्न चालेल? हे कुठलं सोवळं?

आणि "मॅच सोडता येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये निवृत्त खेळाडूंची लीजंड्स स्पर्धा होती. युवराज, धवन, हरभजन वगैरे मंडळी. साखळीत ते पाकिस्तानशी खेळले नाहीत. मग सेमीफायनलला पुन्हा पाकिस्तानच आला, तर सेमीफायनल सोडून दिली आणि पाकिस्तान फायनलला गेला. तुम्हाला पटो न पटो, पण ही भूमिका होती. हात मिळवायचा नाही तर खेळायचंही नाही, आणि त्याचं नुकसान आमचं. निवृत्त खेळाडूंना जमलं ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत बोर्डाला का जमू नये?

माझ्या मते प्रामाणिक रस्ते दोनच आहेत. एक, खेळा. आणि खेळायचं ठरवलं तर नीट खेळा, हात मिळवा, समोरच्या पोराने बंदूक चालवलेली नाही हे मान्य करा. दोन, खेळू नका. गुण जाऊ देत, कप जाऊ दे, जाहिरातीचा पैसा जाऊ दे, आणि ते नुकसान बोर्डाने सोसावं. दोन्ही बाजूंनी सज्जन माणसं वाद घालू शकतात. मला स्वतःला पहिला रस्ता आवडतो. डोंबिवलीच्या मित्राला दुसरा. आम्ही यावर भांडू शकतो आणि नंतर चहा पिऊ शकतो. पण मॅच खेळायची, पैसा घ्यायचा आणि हात तेवढा मागे घ्यायचा, हा तिसरा रस्ता म्हणजे शुद्ध ढोंग आहे. मृतांच्या काही नातेवाईकांनी ही मॅच नको म्हणून जाहीर विनंती केली होती. त्यांना आपण काय दिलं? एक न केलेलं हस्तांदोलन.

आणि बोर्डाला शिव्या घालून आपण सुटत नाही. त्या तीन रविवारी टीव्ही कोणी लावला? आपणच. आपण बघतो म्हणून ते शेड्यूल तसं लागतं. मी तिन्ही मॅच पाहिल्या, वडापावसकट. नुसतं टीव्ही बंद ठेवण्याइतकी किंमतही मला मोजता आली नाही. आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये ती मोजली एकाने, आणि त्यालाच आम्ही सांगत होतो की खेळात राजकारण आणू नकोस.

परवा त्याला भेटून सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सोड रे. पुढच्या वेळी बघशील का ते सांग."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.